नवशीच्या मागून आलेलं शहर

शहर कसं वसतं याबद्दल शाळेच्या पुस्तकात नदीकाठ, बंदर, व्यापारी रस्ता असं काहीबाही लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्यांनी उंबरमाळ बघितलेलं नाही. उंबरमाळ हे शहर एका वारली विधवेने चार मुठी तांदळात वसवलं, आणि तेही तिच्या मनाविरुद्ध. मी तिथल्या वसाहत कचेरीत आवक-जावक कारकून होतो. त्यामुळे यातला शब्द न् शब्द खरा आहे. जिथे खरा नसेल तिथे तो कचेरीच्या दप्तरातही तसाच लिहिलेला आहे.

साठ साली राज्यं वेगळी झाली. उंबरगाव पलीकडे गेलं, तलासरी अलीकडे राहिली, आणि मधल्या माळावर दोन माणसं येऊन एक दगड पुरून गेली. मग मुंबईत कुणाच्या तरी ध्यानात आलं की गुजरातेतून आत शिरणाऱ्या माणसाला आपल्या राज्यात पहिल्यांदा दिसतं काय, तर गवत. नव्या राज्याची सुरुवात गवताने व्हावी हे काही बरं दिसेना. म्हणून वेवजीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, उंबरमाळ नावाच्या अकरा घरांच्या पाड्याला लागून, एक आदर्श नगर उभारायचं ठरलं. कचेरी, शाळा, दवाखाना, साहेबाचा बंगला, मधोमध बाग आणि बागेत कारंजं. पाड्यावरच्या बायका प्यायच्या पाण्यासाठी पाऊण मैल जात. पण कारंजं नकाशात होतं, आणि नकाशातलं कारंजं कधी आटत नाही.

नगराची पहिली वास्तू म्हणजे पाटी. ‘उंबरमाळ नगर आपले स्वागत करीत आहे.’ पहिल्याच वावटळीत ती गर्रकन फिरली आणि राज्य सोडून चाललेल्यांचं स्वागत करू लागली. पाटी सरळ करायला एक माणूस पुरला असता, पण त्याची फाइल झाली, आणि फाइलीला सात माणसं लागली. सातव्याची सही होईपर्यंत दुसऱ्या वावटळीने पाटी पुन्हा सरळ केली. आम्ही ‘कार्यवाही पूर्ण’ असा शेरा मारून फाइल बंद केली.

आमचे साहेब, वसाहत अधिकारी एकनाथराव टिपणीस, मुळात भला माणूस. त्यांची अडचण एकच, त्यांची बायको अहिल्याबाई. बाई बोर्डीला बहिणीच्या चिकूच्या वाडीत राहिल्या होत्या आणि त्यांनी निरोप धाडला होता की पक्का बंगला उभा राहील तेव्हा मी येईन, त्याआधी तुम्ही यायचं. साहेब दर शनिवारी बोर्डीला जात आणि मंगळवारी, कधी बुधवारी, चिकूची करंडी घेऊन परत येत. पावसाळ्यात तर ते तिकडेच राहात. रस्ता वाहून जातो म्हणत. तो वाहून जाण्याइतका बांधलेलाच नव्हता, पण ते असो.

दुसरे ओव्हरसियर काशीनाथ राऊत, चिखले गावचे. जागा मोजणं, खुंट्या ठोकणं हे त्यांचं काम. मोजणीची दुर्बीण त्यांना सरकारने दिली होती, कुलूपबंद पेटीतून. किल्ली ठाण्याहून यायची होती. ती आलेली मी तरी बघितली नाही. दुर्बिणीची तीन पायांची तिकाटणी मात्र सुटी आली होती, आणि तिच्यावर काशीनाथांचे बोंबील छान वाळत. पावसात मोजणी करायची नाही हा नियम त्यांनीच केला होता आणि ते तो काटेकोर पाळत. जूनच्या पहिल्या आठवड्यात छत्री घेऊन जे चिखल्याला जात ते दसऱ्याला उगवत.

सांगायचा मुद्दा, उंबरमाळचं नगर ज्यांनी आखलं त्यांच्यापैकी एकानेही उंबरमाळ पावसात बघितलेलं नव्हतं. मी बघितलं होतं, कारण मला कुणी चिकूची वाडी दिली नव्हती. पण मला कुणी विचारलं नाही. आणि जे आवक झालं नाही ते आवक-जावक कारकुनाने जावक करू नये.

आता नवशी. पाड्याच्या टोकाला मोहाच्या झाडाखाली तिचं घर होतं. सागाचे नऊ खांब, कारवीच्या कुडाच्या भिंती, वर शेणमातीचा लेप, गवताचं छप्पर. नवरा वारलेला, लेक एकच, धाकली. धाकलीचं लग्न वेवजीच्या लडक्याशी ठरलेलं होतं आणि एकसष्टच्या फाल्गुनात ते त्याच घरात लागायचं होतं.

फाल्गुन म्हणजे मार्च. आणि मार्च म्हणजे काय हे ज्याने सरकारात नोकरी केली त्याला सांगायला नको. मंजूर झालेला निधी एकतीस तारखेच्या आत जमिनीत पुरावा लागतो, नाहीतर तो परत जातो. फेब्रुवारीत काशीनाथ कचेरीसाठी जागा शोधायला निघाले. पेटीला कुलूप. माळावर ऊन. त्यातल्या त्यात सावली मोहाखाली होती, तिथे बसले, पाणी मागितलं, प्याले, इकडेतिकडे बघितलं आणि नवशीच्या दारात खुंटी ठोकली.

“हे काय?” नवशीने विचारलं.

“इथे कचेरी येणार. तुझं घर जरा बाजूला घे.”

“तुझी कचेरी बाजूला घे की. ती अजून आलेली बी नाय.” नवशी साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांना तूच म्हणायची. देवालाही तूच म्हणायची, त्यामुळे आमची तक्रार नव्हती.

“नकाशात आलेली आहे.”

“आन् माझं घर?”

काशीनाथांनी नकाशा उलगडून दाखवला. खरोखरच, नवशीचं घर त्यात नव्हतं. जे नकाशात नाही ते हलवायला काय कठीण?

तसं कठीण नव्हतंच. त्या लोकांचं घर हलतं. पाड्यावरचे सगळे जमतात, छप्पर उतरवतात, आढं खांद्यावर घेतात, खांब उपटतात, कूड गुंडाळतात आणि चालू लागतात. पुढे आढं, मागे भिंती, त्यामागे चूल आणि कोंबड्या. संध्याकाळी ताडी आणि भात, की झालं. मी तर असं ऐकलंय की एकदा घराबरोबर भिंतीची सावलीही उचलून नेली होती आणि जुन्या जागेवर दोन दिवस ऊन नुसतं भांबावून उभं होतं. हे मी डोळ्यांनी बघितलं नाही, पण सांगणारा पिऊन नव्हता.

अडचण होती ती काळ्या भगताची. काळ्या भगत पाड्याच्या देवांचा माणूस. तो म्हणाला, घर हललं की घरचा देव बिचकतो. वर्षभर तरी त्याच्यापुढे लग्न लावायचं नाही. बिचकलेला देव कुणाचं लग्न कुणाशी लावील याचा भरवसा नसतो.

झालं. धाकलीचं लग्न वर्षभर पुढे गेलं. लडक्या वेवजीहून नवं धोतर नेसून आला होता, तो तसाच परत गेला.

नवशीने नवी जागा शोधली ती तिच्या आज्या-पणज्यांच्या रीतीने. खांबासाठी खड्डे खणायचे, प्रत्येक खड्ड्यात पळसाच्या पानावर तांदळाचे दाणे जोडीजोडीने मांडायचे, वर पान झाकायचं आणि सकाळी बघायचं. दाणे जोडीने जागच्या जागी असतील तर जागा घराला राजी. पांगले, भिजले, नाहीसे झाले, तर दुसरी जागा. तिने चार ठिकाणी दाणे मांडले, तेव्हा एक जागा राजी झाली, ओढ्यापलीकडच्या उंचवट्यावर.

काशीनाथ हे सगळं तिकाटणीआडून बघत होते. कचेरी बांधून झाली, पावसात कोरडीठाक राहिली, आणि वरून शेरा आला, ‘जागेची निवड उत्तम.’ काशीनाथांनी तो शेरा बायकोला वाचून दाखवला, पोस्टमनला वाचून दाखवला, मला दोनदा.

“पण तुम्ही मोजणी कुठे केलीत?” मी म्हणालो.

“अहो, त्या बाईने केलेली आहे ना, इथे घर बांधलं तेव्हाच.”

“तिने तांदूळ मांडले.”

“मग? आपण मागच्या वर्षी माती तपासायला मुंबईला पिशवी पाठवली होती. काय उत्तर आलं?”

उत्तर मीच आवक केलं होतं. चौदा महिन्यांनी आलं. ‘पिशवीत माती आढळली.’

“तेच म्हणतो मी,” काशीनाथ बोंबील उलटवत म्हणाले. “तिचं खातं एका रात्रीत रिपोर्ट देतं.”

बासष्टच्या फेब्रुवारीत शाळेचा निधी आला. काशीनाथ सरळ उठले, ओढा ओलांडला आणि नवशीच्या अंगणात खुंटी ठोकली. पुन्हा आढं खांद्यावर, पुन्हा कोंबड्या, पुन्हा बिचकलेला देव. लडक्या तेच धोतर नेसून आला, परत गेला. शाळा कोरडी राहिली. शेरा आला, ‘ओव्हरसियर यांचे भूभागाचे ज्ञान प्रशंसनीय.’

त्रेसष्टच्या जानेवारीत दवाखाना. खुंटी नवशीच्या चुलीपासून दोन हातांवर पडली.

त्या दिवशी मी तिथे होतो. नवशी खुंटीकडे बघत कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि मला म्हणाली, “कारकुना, पयल्यांदा वाटलं माझं नशीब. दुसऱ्यांदा वाटलं भूत लागलं. आता कळलं, ओव्हरसियर लागलाय.”

“भुतावर भगताचा उपाय चालतो,” मी म्हणालो. “यांच्यावर नाही.”

“तांदळाच्या मागं येतो मेला. कोंबडी येते तसा.”

त्याच आठवड्यात लडक्याचा बाप वेवजीहून आला. म्हातारा अंगणात बसला, ताडी नको म्हणाला, तेव्हाच सगळ्यांना कळलं की बोलणं सरळ नाही.

“नवशे,” तो म्हणाला, “तीन वरसं माझा पोर्‍या येतो आन् जातो. वेवजीत लोक इचारतात, सासरवाडी कुठं रं तुझी? तो म्हणतो, आज कुठं हाय ते बघून सांगतो. हसतात लोक.”

“मी काय करू? सरकार मागं लागलंय.”

“पुढल्या फाल्गुनात येतो मी. घर याच वरसाच्या जागेवर उभं दिसलं, तर लग्न. नाय दिसलं तर वेवजीत पोरी हायेत. त्यांची घरं चालत नायत.”

धाकली कुडाआडून ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, “आये, यंदा घर खिळ्यांनी ठोक.”

नवशीने खिळे ठोकले नाहीत. तिने डोकं चालवलं. दवाखान्याबरोबर त्याच मार्चासाठी साहेबाच्या बंगल्याचाही निधी आला होता आणि काशीनाथ पुन्हा तिच्या पाठोपाठ येणार हे आता तिला पंचांगासारखं पाठ होतं. तिने पाड्याच्या खालच्या अंगाचा म्हसखळगा गाठला. नावाप्रमाणेच तिथे पावसाळ्यात म्हशी बसत, नाकपुड्यांपर्यंत. पण फेब्रुवारीत तो खळगा इतका सपाट, इतका गुळगुळीत दिसे की एखाद्याला वाटावं, देवाने ही जागा बंगल्यासाठीच रंधा मारून ठेवली आहे.

नवशीने तिथे भर सकाळी, सगळ्यांना दिसेल असे खड्डे खणले. काळ्या भगताला बोलावलं. तो ऐकेना.

“देवाशी खोटं बोलायचं नाय.”

“मी कुठं बोलते? मी दाणे मांडणार. तो काय सांगल ते ऐकणार. ओव्हरसियरला सांगायचं की नाय, हे देवानं कुठं सांगितलंय?”

भगत खड्ड्याशी उकिडवा बसला. दाणे मांडले गेले. सकाळी पानं उचलली तर दाणा एक नाही, खेकड्यांनी पळवलेले. नवशीने हात जोडले आणि माळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “बरं झालं रं देवा, कळलं!” आणि दुपारपर्यंत तिथे घराचे खांब उभे केले.

काशीनाथांनी तिकाटणीआडून एवढंच बघितलं की बाईने हात जोडले. आठव्या दिवशी म्हसखळग्यात खुंटी पडली. नवशी अशी रडली, अशी रडली की काशीनाथांना वाटलं ही जागा आतापर्यंतच्या सगळ्या जागांहून भारी असणार. त्यांनी बंगल्याचं आवार वीस फूट वाढवलं.

मग ती खांब उचलून पाड्यामागच्या टेकाडावर गेली. तिथे तिने दाणे मांडले ते कुणाला न दाखवता. जोड्या जागच्या जागी. तिचा हिशेब सरळ होता, सरकारचं एक घर बुडलं की ओव्हरसियरचा तांदळावरचा विश्वास उडेल, आणि मग टेकाडावर खुंटी येणार नाही. हिशेबात फारशी चूक नव्हती. फक्त घर बुडल्यावर आतली माणसं कुठे जातील, हे तिने धरलं नव्हतं.

बंगल्याचं काम उंबरगावच्या चिमण कंत्राटदाराने घेतलं. साहेबांनी विचारलं, “मार्चअखेर होईल?” चिमण म्हणाला, “थई जशे, साहेब,” म्हणजे होऊन जाईल. “पाया?” “थई जशे.” “छप्पर गळणार नाही ना?” “अरे साहेब, थई जशे,” आणि एवढं मात्र त्याने अक्षरशः खरं केलं. एकतीस तारखेला साहेबांनी दाखल्यावर सही केली: बंगला पूर्ण, उंच व कोरड्या जागी, वापरात घेतला. दारं एप्रिलात बसली.

अक्षयतृतीयेला अहिल्याबाई आल्या. फरशीवर चालून बघितलं, खिडक्या उघडल्या, मिटल्या, आणि म्हणाल्या, “चालेल.” साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या वर्षी पहिल्यांदा साहेब पावसाळ्यात उंबरमाळला राहिले.

आषाढात आठ दिवस पाऊस लागला. पहिले तीन दिवस पाणी बाहेर होतं. चौथ्या दिवशी ते फरशीच्या सांध्यांतून वर आलं, अगदी सभ्यपणे, आवाज न करता. पाचव्या दिवशी सकाळी अहिल्याबाई चहा टाकायला उठल्या तर चुलीत खेकडा बसलेला, आणि तो त्यांच्याकडे असा बघत होता की चहा त्याच्यासाठीच आहे. त्या किंचाळल्या. साहेब धावले. तेवढ्यात म्हशी आल्या.

म्हशींचा काही दोष नव्हता. बाप-आज्यापासून त्या आषाढात इथे बसायला येत होत्या. यंदा मधे भिंत दिसली, तर दारातून आल्या. सतरा म्हशी दिवाणखान्यात, दोन न्हाणीत, आणि एक वयस्कर म्हैस साहेबांच्या पलंगावर पुढचे पाय टेकून उभी. त्यांच्या दृष्टीने अतिक्रमण बंगल्याने केलं होतं. साहेबांनी ‘हट्, हट्’ केलं. म्हशींनी डोळे मिटले.

साहेब आणि बाई, डोक्यावर एक-एक ट्रंक, पाण्यातून चालत निघाले. कचेरीकडचा ओढा दुथडी भरलेला, म्हणून उरलेल्या एकाच वाटेने गेले. ती वाट टेकाडावर जात होती. मी आधीच तिथे होतो. माझ्या खोलीचं छप्पर पहिल्याच दिवशी गेलं होतं आणि ओढा तोवर उतरण्यासारखा होता.

नवशीने दोघांना आत घेतलं. घरात थेंब नव्हता. चूल पेटलेली, भात शिजत आलेला. अहिल्याबाईंना धाकलीने आपलं कोरडं लुगडं दिलं. बाईंनी ते नेसून चुलीशी हात शेकले आणि तासाभराने बोलल्या त्या एवढंच: “नवशे, कालवणात आंबट काहीच नाही?”

“चिंच संपली. आन् तुझ्या बोर्डीला काय घालतात?”

“कोकम.”

“मंग पुढच्या येळी घेऊन ये.”

साहेबांना वाटलं आता भांडण लागणार. पण बाई हसल्या. चार दिवस सगळे त्याच घरात राहिले, आणि त्या चार दिवसांत साहेबांनी त्या घराच्या ओसरीवरून चारही दिशा बघितल्या. खाली सगळं उंबरमाळ पाण्यात, वर गार वारा, पलीकडे डोंगर. नवव्या दिवशी पाऊस उघडला. निरोप मिळाल्यामुळे चिखल्याहून काशीनाथ छत्री घेऊन हजर झाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी पावसाळ्यातलं उंबरमाळ बघितलं आणि त्यांचा चेहरा पिशवीतल्या मातीसारखा झाला.

“राऊत,” साहेब ओसरीवरून म्हणाले, “झालं ते झालं. पण काय जागा आहे ही! मला वाटतं, नवा बंगला इथेच घ्यावा. फेब्रुवारीत खुंट्या ठोकून टाका.”

नवशी भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. धाकलीने आईकडे बघितलं. फाल्गुन सात महिन्यांवर होता आणि घराला टेकाडावर येऊन पाच महिने झाले होते.

काशीनाथ खाकरले. “साहेब, एक अडचण आहे. नवा बंगला मागायचा म्हणजे जुना कुठे गेला ते लिहावं लागेल.”

“लिहू. पाण्यात गेला.”

“पण आपण दाखल्यावर ‘उंच व कोरड्या जागी’ अशी सही केलेली आहे.”

“जागा तुम्ही निवडलीत!”

“निवडली मी. सही आपली.”

चौकशी या शब्दाचा वास ओल्या म्हशीपेक्षा लांब जातो. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी छपराकडे बघितलं. छप्पर फार सुंदर बांधलेलं होतं.

नवशीने भाकरी तव्यावर टाकली, हात धुतले आणि ओसरीवर येऊन बसली.

“सायबा, तुझ्या कागदात काय हाय? उंचावरचा बंगला?”

“हो.”

“कोरडा?”

“हो.”

“तू ऱ्हातो तो?”

“हो, हो.”

“मंग हे उंच हाय. कोरडं हाय. आन् चार दिवस तू हितंच ऱ्हातो. कागद खरा हाय की. फकस्त टेकाडाचं नाव घाल त्याच्यात.”

“अगं, पण हे तुझं घर आहे!”

“माझं हाय म्हणून तर खुंटी येते.” नवशीचा आवाज जरा चढला. “मी तीन वरसं बघते. कचेरीच्या दारात खुंटी ठोकली कधी? शाळेच्या? दवाखान्याच्या? जिथं तुझं घर तिथं तुझी खुंटी येत नाय. माझ्याच घरी येते. मंग हे बी तुझंच लिव. तुझं लिव, आन् आमाला ऱ्हाऊ दे.”

काशीनाथ हिशेब करत होते, ओठ हलताना दिसत होते. “नियमात बसतं,” ते शेवटी पुटपुटले. “जिथे अधिकारी निवास आहे तिथे दुसरं बांधकाम धरता येत नाही. पंचवीस वर्षं तरी नाही.”

“आणि मी काय माझ्या हाताने खोटं लिहू?” साहेब म्हणाले.

आतून अहिल्याबाईंचा आवाज आला. “अहो, मार्चात लिहिलंत ते काय होतं? तेव्हा खोटं लिहिलंत, आता खरं लिहा. आणि मी काही इथे पुन्हा बांधकाम बघत बसणार नाही. रस्ता उघडला की मी बोर्डीला चालले. तुम्हीही चला.”

दप्तर मी लिहिलं. ‘अधिकारी निवास, एक. स्थळ: टेकाड. भिंती: स्थानिक साहित्य. छप्पर: नैसर्गिक. स्थिती: उत्तम. निगराणीस कुटुंब एक.’ माझ्या सगळ्या नोकरीत एवढी खरी नोंद मी दुसरी केली नाही. मग म्हसखळग्यातल्या इमारतीचं काय करायचं? काशीनाथांनी जुन्या फाइली चाळल्या, तर जनावरांच्या निवाऱ्याची एक योजना तीन वर्षं लाभार्थ्यांविना पडून होती. तिथे आम्ही वीस लाभार्थी दाखवले, सगळे प्रत्यक्ष हजर. वरून शेरा आला की अशी फरशीबंद, वाहत्या पाण्याची सोय असलेली गुरांच्या निवाऱ्याची जागा राज्यात दुसरी नाही, इतरांनी आदर्श घ्यावा. दोन जिल्ह्यांतून माणसं बघायला आली. म्हशींनी त्यांना आत येऊ दिलं नाही.

फेब्रुवारी आला. त्या वर्षी पोस्टाचा निधी होता. काशीनाथ सवयीने टेकाडाच्या पायथ्यापर्यंत गेले, वर बघितलं, खुंटी या हातातून त्या हातात घेतली, आणि परत फिरले. पोस्ट त्यांनी कचेरीच्या मागे, कचेरीच्याच आवारात घातलं. वर नवशी दारात उभी होती. तिने त्यांना पाणी हवं का म्हणून विचारलंसुद्धा.

फाल्गुनात लडक्याचा बाप वेवजीहून लग्नाच्या दोन दिवस आधीच एकटा येऊन थडकला. कुणाशी बोलला नाही. आधी घराला बाहेरून एक फेरी मारली. मग आत शिरून एकेका खांबाला खांदा लावून रेटून बघितलं, नऊच्या नऊ. धाकली चुलीशी श्वास रोखून बसली होती. म्हातारा घामाघूम होऊन ओसरीवर आला.

“नवशे, हे पुन्ना हलंल काय?”

“कसं हलंल? सरकारी हाय ते आता,” नवशी म्हणाली. “सरकारचं काय हललेलं बघितलंस तू कधी?”

म्हाताऱ्याने घाम पुसला. खाली कारंज्याची जागा दिसत होती, शाळा दिसत होती, रस्त्यावरची पाटी दिसत होती.

“नाय बघितलं,” तो म्हणाला, आणि ओसरीवर मांडी ठोकून बसला. “आण मंग ताडी.”